सातवा रकाना

सातव्या रकान्यात छापलंय:
‘सदर वर्तन नकोसे होते काय? असल्यास कधीपासून?’
आणि पुढे जागा सोडलीय
कोळंबीच्या शेपटाएवढी.

अकरा वर्षं सोलून बोटं अशी झालीत
की अक्षर उमटायच्या आधी थंडी उमटते.

वरच्या मजल्यावर पंखा आहे, तीन खुर्च्या आहेत.
मधल्या खुर्चीत हिशेब खात्यातल्या शितूतबाई,
त्यांची नणंद त्याच्या चुलत्याकडे दिलेली.
डावीकडे चिपळूणहून आलेल्या वकीलबाई.
उजवीकडे आमच्या लायनीतली हमीदा.
माझ्या डब्यातली तिसऱ्यांची एकशिपी
तिने किती वेळा पुसून खाल्ली असेल.
आज तिला माझ्याकडे बघता येत नाही.
नियमाप्रमाणे तिने मला ‘तक्रारदार’ म्हणायचंय.

मी लिहिते: सुपरवायझर श्री. दिनकर भाटकर यांनी…
श्री.?
दिन्या म्हणायचे मी त्याला. दोन हंगाम.
मिऱ्याच्या बंधाऱ्यावर, टेट्रापॉडच्या आडोशाला
भुईमुगाच्या शेंगा सोलून दाणे माझ्या तळव्यावर ठेवायचा.
म्हणायचा, दिवसभर तू सोलतेस, आता मी.
हे नकोसं नव्हतं.
हे कुठल्या रकान्यात भरू?

मग मला नको झालं. एवढंच.
भांडण नाही, दुसरा कुणी नाही.
सुकती लागली की खाडीला कुणी विचारत नाही,
का गं उतरलीस.

पुढच्याच सोमवारी माझं नाव ग्रेडिंगवरून काढून
ब्लास्ट फ्रीझरच्या दाराशी लावलं. आत उणे चाळीस.
ओव्हरटाइम बंद.
रबरी बूट सगळ्यांना नवे आले, माझाच नंबर संपला होता.
आणि ग्रेडिंगच्या टेबलाशी, माझ्या स्टुलावर,
पावसची केतकी. बावीस वर्षांची, हात भरभर, बोलणं गोड.
तिच्यावर राग धरून बघितला. धरवेना.
तिच्या ओढणीला
शेंगांचं टरफल चिकटलं होतं.

मॅनेजर म्हणाले, भेदभाव कसला यात?
तुझ्या जागी बाईच तर बसवली.

वकीलबाई पुस्तकात बोट घालून समजावतात,
लाडकीला झुकतं माप देणं वेगळं,
‘नको’ म्हणालीस म्हणून शिक्षा देणं वेगळं.
दुसऱ्याला कायदा आहे. पहिल्याला,
त्या जरा थांबतात, पहिल्याला फक्त गावची तोंडं.
बाई वाईट नाहीत. आवाज खाली आणून विचारतात,
‘त्याला स्पष्ट नको म्हटल्याची तारीख?’

तारीख.
भांगाचे दिवस होते, बाई. पाणी धड चढत नव्हतं, धड उतरत नव्हतं.
जेटीवर डिझेलचा वास.
तो शेंगांची पुडी सोडत होता
आणि मी म्हटलं, ‘आता पुरे.’

पुरे म्हणजे नकोच ना?
हमीदा मान हलवते, मग आठवून मध्येच थांबवते.

मुदत तीन महिन्यांची. त्यातले दोन बंदीत गेले.
होड्या शाकारलेल्या, प्लांटला कुलूप.
तक्रार कुणाला सांगायची होती, शटरला?

आणि हो, होकार दिला होता. माझाच होता तो.
तो मी खोटा म्हणणार नाही,
कुणी कितीही सांगितलं, त्यानं केस मजबूत होते म्हणून.
पण होकार म्हणजे काय सातबारा आहे
एकदा नाव चढलं की पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट?

खाली बर्फाची गाडी लागली. कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली,
सवयीने उठणार होते.

बसले. लिहिलं:
होय. वैशाख वद्य अष्टमी, जेवणाच्या सुट्टीनंतर.

वकीलबाई चष्मा वर करतात. ‘अगं, इंग्रजी तारीख लागते.’
खोलीत पंख्याचाच आवाज.
मग शितूतबाई, नणंद भाटकरांत दिलेल्या,
काही न बोलता उठतात,
खिळ्यावरचं कॅलेंडर काढतात
आणि एकेक पान मागे उलटत
मे महिन्यापाशी येतात.